संगणक आणि नेटवर्कच्या मूलभूत संज्ञा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घरोघरी, अभ्यासिकांत आणि लहान कार्यालयांत संगणक व इंटरनेटची जोडणी करून देताना, तसेच ज्येष्ठ नागरिकांच्या संगणक वर्गांत, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते येथे एकत्र केले आहेत. दुकानदाराचे कोटेशन किंवा इंटरनेटचा प्लॅन वाचताना प्रत्येक संज्ञेबाबत एक गोष्ट आधी ठरवावी लागते: ती क्षमता सांगते, वेग सांगते, की केवळ आकार सांगते. चुकीच्या खरेदीमागे बहुधा या तिघांची गल्लत असते, म्हणून तो भेद उत्तरांत जागोजागी दाखवला आहे. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी चालेल. जिथे एक विषय दुसऱ्यात मिसळतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

## संगणकाच्या आत

१. टेबलाखालच्या पेटीला आम्ही सीपीयू म्हणतो. दुरुस्ती करणारे म्हणतात की सीपीयू वेगळा. मग पेटी म्हणजे काय?

पेटीला कॅबिनेट म्हणतात. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आणि तो कॅबिनेटमधल्या मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पट्टीवर बसवलेला, तळहाताहून बराच लहान असा एक चौकोनी भाग असतो. त्याच मदरबोर्डवर रॅम बसते, डिस्कही मदरबोर्डलाच जोडली जाते आणि या सर्वांना वीज पुरवणारा एसएमपीएस कॅबिनेटच्या एका कोपऱ्यात असतो. हा फरक दुरुस्तीच्या वेळी पैशांचा ठरतो. ‘सीपीयू गेला’ असे कोणी सांगितले, तर नेमका कोणता भाग गेला हे विचारावे आणि त्या भागाचे नाव बिलावर लिहून घ्यावे. प्रोसेसर सहसा बिघडत नाही. एसएमपीएस मात्र विजेच्या चढउताराने अनेकदा जातो आणि तो बदलण्याचा खर्च तुलनेने फार कमी असतो.

२. रॅमही जीबीत आणि स्टोरेजही जीबीत. मग ८ जीबी आणि ५१२ जीबी यांत फरक कोणता?

दोन्ही आकडे क्षमतेचेच आहेत, पण त्या क्षमतेचे काम वेगळे आहे. स्टोरेज, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी, आपले फोटो, कागदपत्रे आणि विंडोजसारखी प्रणाली कायम साठवून ठेवते. वीज गेली तरी ते सर्व टिकते. रॅममध्ये केवळ या क्षणी चालू असलेल्या कामाची माहिती असते आणि वीज जाताच ती रिकामी होते. म्हणूनच न साठवलेले पत्र वीज गेल्यावर नाहीसे होते आणि साठवलेले पत्र राहते. ‘मेमरी फुल’ असा संदेश फोनवर आला, तर तो बहुधा स्टोरेजविषयी असतो. तिथे फोटो काढून टाकल्याने जागा मिळते, पण संगणकावर एकाच वेळी वीस टॅब उघडल्याने येणारा संथपणा फोटो पुसून जात नाही, त्यासाठी रॅम लागते.

३. ५१२ जीबीची एसएसडी विकत घेतली आणि संगणक ४७६ जीबीच दाखवतो. दुकानदाराने फसवले का?

नाही. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे धरतात. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीने मोजते, त्यामुळे तिच्या हिशेबात १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट होतात. ५१२ अब्ज बाइटना या संख्येने भागले की सुमारे ४७६.८ येते. याच गणिताने १ टीबीची डिस्क ९३१ जीबी आणि २५६ जीबीची डिस्क २३८ जीबी दिसते. तीच डिस्क अ‍ॅपलच्या आजच्या संगणकाला जोडली, तर तो ५१२ च्या आसपासच दाखवील, कारण तो कंपन्यांप्रमाणे दशमान पद्धतीने मोजतो. रॅमच्या बाबतीत ही तफावत येत नाही. ८ जीबी रॅम ही १,०२४ च्या हिशेबानेच ८ जीबी असते. मात्र ५१२ च्या जागी ४७६ ऐवजी २३८ दिसत असेल, तर चुकीची वस्तू आली आहे आणि ती परत करावी.

४. हार्ड डिस्क, साटा एसएसडी, एनव्हीएमई आणि एम.२ असे चार शब्द कोटेशनवर आहेत. नेमके काय घ्यावे?

हे चार शब्द एकाच रांगेतले नाहीत, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. हार्ड डिस्क आणि एसएसडी हे साठवणुकीचे दोन प्रकार आहेत: पहिल्यात मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरणाऱ्या चुंबकीय चकत्या असतात, दुसऱ्यात फिरणारा एकही भाग नसून चिप असतात. साटा आणि एनव्हीएमई या माहितीची ने-आण करण्याच्या पद्धती आहेत. एम.२ हा मात्र केवळ आकार आहे, आणि तो वेगाबद्दल काहीही सांगत नाही.

प्रत्यक्ष वेग पाहू. घरगुती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, आणि तेही माहिती सलग ठेवलेली असेल तेव्हा. विखुरलेल्या लहान फाइली वाचताना तिचा वेग पुष्कळ खाली येतो. साटा एसएसडी ५५० एमबीच्या आसपास थांबते, कारण साटाच्या तिसऱ्या आवृत्तीची मर्यादाच सेकंदाला ६ गिगाबिट आहे. एनव्हीएमई एसएसडी पीसीआय एक्सप्रेस मार्गावरून बोलते आणि त्या मार्गाच्या तिसऱ्या पिढीतही ती ३,५०० एमबीपर्यंत जाऊ शकते.

आता अडचणीची बाब. पातळ पट्टीसारख्या एम.२ आकारात साटा एसएसडीही मिळते आणि एनव्हीएमईही मिळते. ‘२२८०’ हा आकडा ती पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब आहे एवढेच सांगतो. काही जुन्या लॅपटॉपच्या एम.२ खाचेत फक्त साटा चालते, काहींत फक्त एनव्हीएमई, आणि काहींत दोन्ही. पट्टी बसली म्हणजे ती चालेलच असे नाही. खरेदीपूर्वी लॅपटॉपचे मॉडेल सांगून खाच कोणती पद्धत स्वीकारते हे विचारावे.

माझे स्पष्ट मत असे आहे की हार्ड डिस्कवर चालणाऱ्या जुन्या संगणकाला सर्वाधिक लाभ साध्या साटा एसएसडीनेही होतो. हिशेब, पत्रव्यवहार आणि ब्राउझर एवढेच काम असेल, तर साटाकडून एनव्हीएमईकडे गेल्याने पडणारा फरक हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे येताना पडणाऱ्या फरकाच्या मानाने किरकोळ असतो. हार्ड डिस्क फेकू नये. तिच्यावर महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवावी.

५. टाइप-सी म्हणजे वेगवान यूएसबी का?

टाइप-सी हाही एम.२ सारखाच केवळ आकार आहे. त्या लंबगोल तोंडातून ४८० मेगाबिट वेगाची यूएसबी २.० चालू शकते आणि ५ गिगाबिट किंवा त्याहून वेगवानही चालू शकते. चार्जरसोबत येणाऱ्या अनेक टाइप-सी केबल माहितीसाठी यूएसबी २.० इतक्याच असतात, त्यामुळे नवी बाहेरची एसएसडी त्या केबलने जोडल्यास ती संथ वाटते. दोष एसएसडीचा नसतो. तिच्यासोबत आलेलीच केबल वापरावी.

६. वापरलेला आय-फाइव्ह घ्यावा की नवा आय-थ्री?

आधी पिढी विचारावी. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही एकाच पिढीतली चढती श्रेणी आहे. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना या नावांवरून होत नाही. उदाहरणार्थ, सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह ६५०० मध्ये ४ कोअर आणि ४ थ्रेड आहेत, तर बाराव्या पिढीच्या आय-थ्री १२१०० मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत आणि त्याचा प्रत्येक कोअरही बराच कार्यक्षम आहे. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा विभाग, आणि थ्रेड म्हणजे एकाच वेळी हाती घेता येणारी कामे. गिगाहर्ट्झचा आकडाही एकाच पिढीत तुलना करण्यापुरताच उपयोगी आहे. मॉडेलच्या शेवटी ‘यू’ हे अक्षर असेल, तर तो लॅपटॉपसाठी कमी विजेवर चालणारा प्रोसेसर आहे, आणि तशा आय-सेव्हनची डेस्कटॉपच्या आय-सेव्हनशी बरोबरी करू नये. वापरलेल्या यंत्राचे कोटेशन नुसते ‘आय-फाइव्ह, ८ जीबी, एसएसडी’ असे असेल, तर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून मागावा. त्या क्रमांकावरूनच दहाव्या प्रश्नाचेही उत्तर मिळते.

७. रॅम वाढवायची आहे. कोणतीही रॅम बसेल का?

नाही. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते आणि त्यांना लागणारा विद्युतदाबही अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट असा निराळा असतो, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपच्या पट्टीपेक्षा आखूड असते. डीडीआर-३ मध्ये १.३५ व्होल्टवर चालणारा ‘एल’ हा उपप्रकार आहे. तो खाचेत सारखाच बसतो, पण कित्येक लॅपटॉपना तोच लागतो, साधी डीडीआर-३ त्यांत चालत नाही. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते आणि ती वाढवता येत नाही, म्हणून असा लॅपटॉप घेतानाच पुरेशी रॅम घ्यावी. दोन खाचा असतील, तर ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४ जीबीच्या दोन पट्ट्या अधिक वेग देतात, कारण प्रोसेसर दोन मार्गांनी एकाच वेळी वाचतो. पुढे रॅम वाढवण्याचा विचार असल्यास मात्र एकच मोठी पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवणे व्यवहार्य ठरते.

८. ८ जीबी रॅम बसवली, तरी ‘वापरण्याजोगी’ रॅम ३.५ जीबीच्या आतच दिसते. असे का?

विंडोजची ३२-बिट आवृत्ती बसवलेली असावी. ३२ बिटांनी ४,२९,४९,६७,२९६ बाइटपर्यंतच पत्ते देता येतात, म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलाही काही भाग इतर उपकरणांकडे जातो. ६४-बिट आवृत्ती बसवल्यावर पूर्ण रॅम वापरात येते. ८ च्या जागी ७.८ दिसत असेल, तर काळजीचे कारण नाही. तेवढा भाग मदरबोर्डवरील ग्राफिक्ससाठी राखलेला असतो.

९. संगणकाचे घड्याळ रोज मागे जाते आणि बँकेचे संकेतस्थळ ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाही. विषाणू आहे का?

बहुधा नाही. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची, नाण्याएवढी बॅटरी असते आणि यंत्र बंद असताना ती तारीख-वेळ चालू ठेवते. काही वर्षांनी ती संपते आणि संगणक जुनी तारीख दाखवू लागतो. संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला आरंभाची आणि शेवटची तारीख असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर प्रमाणपत्र नाकारतो. ही बॅटरी घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळते आणि स्वस्त असते.

१०. विंडोज ११ बसत नाही असे संगणक सांगतो. यंत्र टाकून द्यावे का?

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून हा प्रश्न सध्या सर्वांत अधिक येतो. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, यूईएफआय (यंत्र सुरू करणारी, बायोसच्या जागी आलेली मूळ व्यवस्था) आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात.

येथे एक अपवाद नेहमी नजरेतून सुटतो. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असूनही ‘टीपीएम नाही’ असा संदेश येतो, कारण ही सोय प्रोसेसरमध्येच असते पण बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रात ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम या नावाने सापडते. ती चालू करताच अडथळा दूर होतो. त्यासाठी नवा मदरबोर्ड घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

यंत्र खरोखरच जुने असेल, तर त्यावर उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची मोफत प्रणाली बसवता येते. पत्रव्यवहार, वाचन, चित्रफिती आणि ब्राउझरवरची कामे त्यावर उत्तम होतात. टॅलीसारखे विंडोजवरचे सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर मात्र नव्या यंत्राचा विचार करावा लागेल.

११. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅटचा का? आणि वीज गेल्यावर इंटरनेट का जाते?

व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॅट सारखे नाहीत. घरगुती ६०० व्हीए यूपीएसवर बारीक अक्षरांत बहुधा ३६० वॅट असे लिहिलेले असते आणि तोच आकडा पाहायचा असतो. तो किती वेळ चालेल हे बॅटरी ठरवते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. १२० वॅट वापरणाऱ्या डेस्कटॉपला कागदावर त्यातून ४२ मिनिटे मिळतात, पण रूपांतरातील घट आणि बॅटरीचे वय धरता प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही मिळतीलच असे नाही. यूपीएसचा उद्देश काम साठवून यंत्र नीट बंद करणे हा आहे. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नये, कारण कागद तापवताना तो क्षणात फार मोठा प्रवाह ओढतो.

राउटरला मात्र जेमतेम १० ते १२ वॅट लागतात आणि त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. तरीही इंटरनेट गेले, तर जोडणी कशी आली आहे ते पाहावे. फायबर थेट घरात आला असेल, तर वाटेतील विभाजकांना वीज लागत नाही आणि सेवा चालू राहते. परंतु पुण्यात अनेक इमारतींत फायबर गच्चीवर किंवा जिन्यातील पेटीपर्यंतच येतो आणि तिथल्या स्विचपासून घरापर्यंत लॅन केबल ओढलेली असते. तो स्विच विजेवर चालतो. अशा ठिकाणी त्या पेटीलाही बॅटरी बसवण्याची मागणी सोसायटीने मिळून करावी.

## घरातील आणि कार्यालयातील नेटवर्क

१२. मॉडेम, ओएनटी, राउटर, स्विच: आमच्याकडे तर एकच डबा आहे. हे सगळे वेगळे असते का?

कामे वेगळी आहेत. डबा एक असू शकतो. ओएनटी फायबरमधील प्रकाशाचे विद्युत-संकेतांत रूपांतर करतो. पूर्वी दूरध्वनीच्या तारेवर याच जातीचे काम मॉडेम करीत असे, म्हणून लोक ओएनटीलाही मॉडेम म्हणतात. राउटर घरातील सर्व उपकरणे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामधली वाहतूक हाताळतो. स्विच एकाच जागेतील अनेक उपकरणांना तारेने एकमेकांशी जोडतो. वाय-फाय देणाऱ्या भागाला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यात बहुधा ही चारही कामे एकत्र असतात.

यातून एक नेहमीची अडचण उद्भवते. अशा डब्याला आपण स्वतःचा दुसरा राउटर जोडला, तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात, आणि एकावर असलेला प्रिंटर दुसऱ्यावरील लॅपटॉपला दिसत नाही. उपाय असा की दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पद्धतीवर चालवावा, म्हणजे नेटवर्क एकच राहते.

१३. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि डाउनलोड १२ च्या वर जात नाही. कमी वेग मिळतोय का?

वेग पूर्ण मिळतो आहे. प्लॅनमधील आकडा मेगाबिटचा असतो आणि डाउनलोडच्या खिडकीतील आकडा मेगाबाइटचा. ८ बिटांचा १ बाइट होतो, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. १ जीबीची फाइल या वेगाने सुमारे ८० सेकंदांत उतरते. तक्रार नोंदवण्यापूर्वी वेग लॅन केबलने जोडून मोजावा, कारण वाय-फायवरील मोजणीत घराच्या भिंतींचाही परिणाम मिसळतो. केबलने जोडूनही आकडा बरोबर ९४-९५ वर अडत असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर सतरावा प्रश्न पाहावा.

१४. वेग भरपूर आहे, तरी परदेशातील मुलाशी बोलताना चित्र अडखळते. का?

व्हिडिओ संभाषणाला काही मेगाबिट पुरतात; त्याला लागते ती वेळेवर पोहोच. माहितीचा एक लहानसा तुकडा जाऊन उत्तर येण्यास लागणाऱ्या वेळेला बोलीभाषेत पिंग म्हणतात, आणि तो मिलीसेकंदांत मोजतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून मुंबईला जाऊन येण्यास त्याला दीड-दोन मिलीसेकंद लागतात; अमेरिकेचा कॅलिफोर्नियाचा किनारा सरळ रेषेतही १३ हजार किलोमीटरहून दूर आहे, म्हणजे किमान १३० मिलीसेकंद, आणि केबलचे वळणावळणाचे मार्ग धरता हा आकडा २०० च्या पुढे जाणे स्वाभाविक आहे. कोणताही महाग प्लॅन हे अंतर कमी करू शकत नाही.

परंतु पिंग सतत वर-खाली होत असेल, तर त्यावर उपाय आहे. घरात त्याच वेळी कोणाचा फोन शेकडो फोटो वर चढवत असेल, तर राउटरमध्ये रांग लागते आणि आवाजाचे तुकडे तिच्यात अडकतात. तेवढा वेळ अपलोड थांबवावा आणि शक्य असल्यास संगणक केबलने जोडावा.

१५. वाय-फायच्या सर्व रेघा भरलेल्या आहेत, पण काहीच उघडत नाही. बिघाड कुठे शोधावा?

त्या रेघा फक्त आपले उपकरण आणि राउटर यांच्यातील संकेताची ताकद दाखवतात. राउटरच्या पुढे इंटरनेट आहे की नाही याची त्यांना कल्पना नसते. ओएनटीवर ‘लॉस’ लिहिलेला तांबडा दिवा लागला असेल, तर फायबरमधून प्रकाश येत नाही आणि कंपनीला कळवण्यावाचून मार्ग नाही. दिवे ठीक असतील, तर संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील त्याचा आकडी पत्ता, पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर बंद करून पुन्हा चालू करावा.

पत्ता ठीक असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर डीएनएस तपासावे. डीएनएस ही १९८३ पासूनची व्यवस्था संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पिंग’ हा आदेश ८.८.८.८ या पत्त्याला द्यावा. उत्तर आले आणि नावाने मात्र काही उघडत नसेल, तर इंटरनेट चालू असून डीएनएस अडले आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घातल्यावर काम सुरू होते. ही तपासणी मी प्रत्येकाला शिकून घ्यायला सांगतो, कारण ती एका मिनिटात होते आणि तंत्रज्ञाची फेरी वाचवते.

१६. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दिसतात. कोणते जोडावे? आणि आतल्या खोलीत वाय-फाय का पोहोचत नाही?

५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक आणि गर्दी कमी असते, पण त्याच्या लहरी भिंतींत लवकर क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झ अधिक दूर जाते, परंतु तिथे एकमेकांवर न येणारे मार्ग १, ६ आणि ११ असे तीनच आहेत आणि ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात असतात. राउटर त्याच खोलीत असेल तर ५, दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४, असा सर्वसाधारण नियम ठेवावा. दाट वस्तीच्या सोसायटीत शेजारच्या दहा-बारा घरांची नावे यादीत दिसतात, तिथे २.४ ला अडखळणे स्वाभाविक आहे.

पुण्यातील घरांचे बांधकाम येथे फार महत्त्वाचे ठरते. पेठांतील जुन्या वाड्यांच्या दगड-विटांच्या रुंद भिंती लहरी शोषतात, हे सर्वांना पटते. पण हिंजवडी, वाकड, खराडी या भागांतील कित्येक नव्या उंच इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून भिंती उभ्या केलेल्या असतात आणि त्यांत लोखंडी जाळी असते; अशा घरात दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ पोहोचण्याची अपेक्षा ठेवू नये. राउटर दारामागच्या विजेच्या पेटीत, दूरदर्शन संचामागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर ठेवावा. त्यानेही भागले नाही, तर आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावणे हाच टिकाऊ उपाय आहे. भिंतीत खोचायचे स्वस्त रिपीटर ज्या लहरीवर ऐकतात त्याच लहरीवर पुन्हा बोलतात, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो.

 

एक अपवाद: विजेचे स्मार्ट दिवे आणि अनेक जुने प्रिंटर ५ गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत. ‘प्रिंटरला आमचे वाय-फाय दिसत नाही’ ही तक्रार असल्यास राउटरवर २.४ चालू आहे का ते पाहावे.

१७. केबलने जोडूनही वेग १०० च्या पुढे जात नाही. केबल बदलावी का?

बहुधा केबलच किंवा तिची टोके. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात. १ गिगाबिटला चारही लागतात. एक तार जरी नीट बसलेली नसली, तरी दोन्ही टोकांची उपकरणे आपसांत ठरवून १०० वर उतरतात, जोडणी चालू राहते आणि दोष लपून राहतो. टोके पुन्हा बसवून पाहावीत. राउटरचे पोर्टच १०० मेगाबिटचे असेल, तर मात्र केबल बदलून उपयोग नाही.

कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, त्यामुळे घरासाठी ती पुरेशी आहे. नवे काम करताना कॅट-६ घालावी. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, किंवा अन्यत्र केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, हे विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. मुलाम्याची केबल लवचीकपणात कमी असते, तिचा रोध अधिक असतो, आणि लॅन केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांना ती त्रास देते. विजेच्या तारांच्या नळीतून लॅन केबल ओढू नये.

१८. आयपी पत्ता प्रत्येकाचा वेगळा असतो म्हणतात. मग माझा आणि मित्राचा १९२.१६८.१.५ असा एकच कसा?

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात, आणि जगातील उपकरणे त्याहून कितीतरी अधिक आहेत. त्यामुळे १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. सदनिका क्रमांक ५ पुण्यातल्या हजारो सोसायट्यांत असतो, तसाच हा प्रकार आहे. बाहेरच्या जगाला राउटरचा सार्वजनिक पत्ता दिसतो आणि आत कोणाला काय द्यायचे याची नोंद राउटर ठेवतो. सहाव्या आवृत्तीचे पत्ते १२८ बिटांचे असल्याने तिथे ही टंचाई नाही.

१९. दुकानातील सीसीटीव्ही घरून पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी राउटरने आतल्या उपकरणाकडे वळवणे) केले, तरी दिसत नाही. काय चुकते?

आपले काही चुकलेले नसावे. पत्त्यांची टंचाई असल्याने अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकाला सार्वजनिक पत्ता देतच नाहीत. शेकडो ग्राहक कंपनीच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहावा आणि आपला पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील आकड्याशी तो ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर आपण अशा सामायिक पत्त्यामागे आहात आणि राउटरमध्ये केलेल्या मांडणीचा उपयोग होणार नाही.

कंपनीकडे शुल्क भरून स्थिर सार्वजनिक पत्ता मागता येतो. लहान दुकानासाठी मात्र कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमधून पाहणे सोपे पडते, कारण तिथे रेकॉर्डर स्वतःच बाहेर जोडणी करतो. कोणताही मार्ग घेतला, तरी रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तो न बदललेले कॅमेरे शोधून काढणारे लोक जगभर आहेत, आणि आपल्या घराचे किंवा गल्ल्याचे चित्र त्यांच्या हाती जाणे ही गंभीर बाब आहे.

२०. नवा राउटर लावला आणि इंटरनेट बंद पडले. जुना लावला की चालते. नवा सदोष आहे का?

आधी मॅक पत्ता तपासावा. प्रत्येक नेटवर्क उपकरणाला ४८ बिटांचा, दोन-दोन चिन्हांच्या सहा गटांत लिहिलेला हा पत्ता कारखान्यातच मिळतो. काही केबल-चालक ग्राहकाचे खाते जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवतात. चालकाला नवा पत्ता कळवावा, किंवा नव्या राउटरमधील ‘मॅक क्लोन’ या सोयीने जुना पत्ता द्यावा.

याउलट अडचण फोनच्या बाबतीत येते. अभ्यासिकेत किंवा कार्यालयात नोंदलेल्या मॅक पत्त्यांनाच प्रवेश असतो आणि नोंद करूनही फोन जोडला जात नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन गोपनीयतेसाठी प्रत्येक वाय-फायला बनावट मॅक पत्ता देतात. पत्त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा असा तयार केलेला पत्ता असतो. त्या विशिष्ट वाय-फायपुरती ही सोय बंद करून खरा पत्ता नोंदवावा.

२१. पुण्यातला ‘परम’ महासंगणक म्हणजे एक प्रचंड मोठा प्रोसेसर का?

शाळकरी मुले हा प्रश्न आवर्जून विचारतात, आणि तो फार चांगला प्रश्न आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात ‘परम ८०००’ तयार केला, तो १९९१ मध्ये. त्यात एकच महाकाय प्रोसेसर नव्हता. अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडून एकाच गणिताचे भाग वाटून घेत होते. आजही पद्धत तीच आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. १ पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १ हजार लाख कोटी आकडेमोडी, आणि हवामानाचे गणित त्यावर हजारो कोअर मिळून सोडवतात. एका कोअरचे उत्तर दुसऱ्याला वेळेवर मिळाले नाही, तर दुसरा रिकामा बसतो, म्हणून महासंगणकात प्रोसेसरइतकेच महत्त्व त्यांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या विलंबाला असते. चौदाव्या प्रश्नात सांगितलेला विलंब तिथे मिलीसेकंदांऐवजी त्याच्या हजाराव्या भागांत मोजला जातो.

२२. जुना संगणक विकायचा किंवा भंगारात द्यायचा आहे. फॉरमॅट केले की पुरे ना?

पुरे नाही. झटपट फॉरमॅट केवळ फाइलींची सूची पुसतो. मूळ माहिती तशीच राहते आणि सहज मिळणाऱ्या साधनांनी ती परत काढता येते. हार्ड डिस्क असेल, तर संपूर्ण डिस्कवर नवी माहिती एकदा लिहून घ्यावी. विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये ‘ड्राइव्ह स्वच्छ करा’ हा पर्याय निवडल्यास घरगुती वापरासाठी ते पुरेसे होते. एसएसडीचे तसे नाही. ती झीज वाटून घेण्यासाठी प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लिहिते, त्यामुळे वरून लिहिल्याने जुनी जागा पुसली गेलीच याची खात्री नसते. तिच्यासाठी निर्मात्या कंपनीच्या साधनातील ‘सिक्युअर इरेज’ वापरावे. डिस्क बिघडलेली असून चालूच होत नसेल, तर ती यंत्रातून काढून स्वतःकडे ठेवावी किंवा हार्ड डिस्कच्या चकत्या आणि एसएसडीच्या चिप प्रत्यक्ष फोडून मगच द्यावी. सनदी लेखापाल, वकील आणि डॉक्टर यांनी तर हे टाळूच नये, कारण त्या डिस्कवर दुसऱ्यांची माहिती असते.

उरलेले यंत्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच जायला हवे. यूपीएसमधील शिसे-आम्ल बॅटरी त्यात घालू नये. ती काढून बॅटरी विक्रेत्याकडे द्यावी, नवी घेताना तिची किंमत वळती करून मिळते.